कटाडिनचे शेवटचे 15 मैल: बॅक्स्टर स्टेट पार्कची व्यवस्था कशी आहे?

अमेरिकेत जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनवरून निघणारी अ‍ॅपलाचियन ट्रेल चौदा राज्यांतून 2,190 मैलांहून जास्त चालवते आणि मेन राज्यातल्या कटाडिन डोंगराच्या माथ्यावर संपते. एवढ्या वाटेत आज कुठे थांबायचं, उद्या किती वाजता निघायचं हे बहुतेक वेळा चालणाऱ्याच्या पायांवर अवलंबून असतं. स्मोकी आणि शेनान्डोआ या राष्ट्रीय उद्यानांत परमिट लागतं, व्हाइट माउंटन्समध्ये काही मुक्कामांना पैसे मोजावे लागतात, पण त्याने कुणाचं गणित फारसं बिघडत नाही. शेवटी येतो तो बॅक्स्टर स्टेट पार्क. इथे ट्रेलने चालत येणाऱ्यांसाठी मुक्कामाच्या जागा मोजून 12, कुत्रा आत नाही, दुकान नाही, वीज नाही, आणि हवा बिघडली तर डोंगरही बंद. पार्कच्या अलीकडच्या अबोल ब्रिज या पुलापासून माथ्यापर्यंतच्या 15.1 मैलांत पार्क काय देतो, काय देत नाही आणि लोक नेमके कुठे अडकतात, त्याचा हा आढावा. उत्तरेकडे जाणाऱ्या म्हणजे नोबो हायकरच्या नजरेतून लिहिला आहे. सोबोंचं (दक्षिणेकडे जाणाऱ्यांचं) आणि फ्लिप-फ्लॉप करणाऱ्यांचं (मध्येच ट्रेल सोडून उरलेली दुसऱ्या टोकाकडून चालणाऱ्यांचं) काय, ते ओघात येईलच.

आधी हे पार्क कुणाचं आहे ते समजून घ्यावं, म्हणजे निम्मी चिडचिड वाचते. नावात ‘स्टेट’ असलं तरी मेनच्या इतर स्टेट पार्कांचं खातं हे पार्क चालवत नाही. पर्सिव्हल बॅक्स्टर 1921 ते 1925 मेनचे गव्हर्नर होते. डोंगर सरकारने विकत घ्यावा म्हणून त्यांनी खटपट केली, ती फळाला आली नाही. मग स्वतःच्या पैशाने जमीन घेत गेले आणि 1931 पासून 1962 पर्यंत तुकड्यातुकड्याने दोन लाखांहून जास्त एकर राज्याला दान दिले. अट एकच: जागा कायम रानच राहिली पाहिजे. देखभालीसाठी निधीही ठेवून गेले. कारभार तिघांच्या मंडळाकडे आहे: राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल, वन विभागाचे संचालक आणि मत्स्य-वन्यजीव खात्याचे आयुक्त. पार्क चालतो तो मुख्यतः त्या निधीवर आणि शुल्कावर. त्यामुळे ट्रेल इथे संपते म्हणून पार्क हायकरची मर्जी राखेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्यांच्या लेखी आधी डोंगर, मग माणूस.

2014 मध्ये पार्कने ट्रेलची देखरेख करणाऱ्या अ‍ॅपलाचियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी या संस्थेला पत्र लिहून थ्रू-हायकरांच्या, म्हणजे पूर्ण ट्रेल सलग चालणाऱ्यांच्या, वागण्याबद्दल जाहीर तक्रार केली आणि असंच चाललं तर ट्रेलचा शेवट दुसरीकडे न्यावा लागेल असं सुचवलं. पुढच्याच वर्षी, जुलै 2015 मध्ये, धावपटू स्कॉट ज्युरेक विक्रमी वेळेत माथ्यावर पोहोचला आणि तिथे शॅम्पेन उघडली. सार्वजनिक जागी दारू प्यायल्याबद्दल त्याला 500 डॉलर दंड झाला. त्यानंतर, 2016 पासून, लांब पल्ल्याच्या हायकरना वेगळं परमिट कार्ड घेणं बंधनकारक झालं. आज जे नियम खडूस वाटतात, त्यांच्या मागे हा सगळा इतिहास आहे.

आता प्रत्यक्ष व्यवस्थेकडे वळू. मॉन्सन हे गाव सोडलं की सुमारे 100 मैल गाव नाही. याच पट्ट्याला हंड्रेड माइल वाइल्डरनेस म्हणतात, आणि त्याचं उत्तरेचं टोक म्हणजे गोल्डन रोडवरचा अबोल ब्रिज. मॉन्सनच्या बाजूला दहा दिवसांचं खाणं बरोबर घ्या असा फलक आहे. जॉर्जियापासून चालत आलेल्याला पाच ते सात दिवस पुरतात. पण अबोल ब्रिजच्या पुढचे दोन दिवस अनेकांच्या हिशेबात धरलेलेच नसतात. पुलाजवळच्या कॅम्पग्राउंडच्या दुकानात थोडंफार मिळतं, मात्र त्याच्या वेळा हंगामाच्या शेवटी आखडतात आणि निवडीला फार वाव नसतो. पार्कमध्ये तर काहीच विकत मिळत नाही. म्हणून मॉन्सनलाच दोन दिवसांचं जास्तीचं भरावं, किंवा मॉन्सनच्या हॉस्टेलकडून वाटेत मध्यावर खाण्याची बादली ठेवून घ्यावी. बादलीचे पैसे लागतात, पण विल्सन स्ट्रीम आणि प्लेझंट रिव्हर पायी पार करताना पाठीवर चार-पाच किलो कमी असणं मोलाचं आहे.

शेवटच्या रात्रींची जुळणी हाच या व्यवस्थेचा गाभा. पार्कमध्ये कटाडिन स्ट्रीम कॅम्पग्राउंडच्या जवळच ‘द बर्चेस’ नावाची छोटी जागा आहे: दोन लीन-टू (एक बाजू उघडी असलेले लाकडी निवारे) आणि काही तंबूंची सोय, एका रात्री जास्तीत जास्त 12 जण, मुक्काम एकच रात्र. ही जागा दक्षिणेकडून सलग 100 मैल किंवा जास्त चालून पायी आत येणाऱ्यांसाठीच आहे. तिचं आगाऊ आरक्षण होत नाही. अबोल ब्रिज ओलांडून पुढे गेलं की माहितीचा किऑस्क लागतो. तिथल्या कागदावर स्वतः नाव लिहायचं. मित्राने मित्राचं लिहिलं, असलं चालत नाही. शुल्क रोख द्यावं लागतं. बरीच वर्षे ते माणशी 10 डॉलर होतं. सुटे पैसे नसणं हा इथला हमखास घोळ आहे, कारण आठवडाभर कुणाला नोटा लागलेल्या नसतात.

बारा नावं सप्टेंबरच्या चांगल्या दिवशी सकाळीच भरू शकतात. याचा अर्थ किऑस्कवर किती वाजता पोहोचता, त्यावर पुढचे दोन दिवस ठरतात. हर्ड ब्रुक लीन-टू अबोल ब्रिजच्या 3.5 मैल अलीकडे आहे. तिथे रात्र काढून उजाडता निघालं तर किऑस्कवर वेळेत नाव लागतं आणि कटाडिन स्ट्रीमपर्यंतचे दहाएक मैल दुपारपर्यंत आरामात होतात. वाट बहुतांश सपाट आणि पाण्याकाठची आहे. रेनबो स्ट्रीम लीन-टूहून निघालात तर त्याआधी आणखी 11.5 मैल चालावे लागतात. मग पुलावर दुपार होणार आणि यादी भरलेली असण्याची शक्यता मोठी.

यादी भरली असेल तर तीन मार्ग उरतात. पहिला, पुलाजवळ मुक्काम: एका बाजूला खासगी कॅम्पग्राउंड, दुसऱ्या बाजूला राज्याचं अबोल पाइन्स. दोन्हीकडे पैसे पडतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे किऑस्क. दुसरा, कटाडिन स्ट्रीमपर्यंत चालत जाऊन ठरवलेल्या शटलने (भाड्याच्या गाडीने) मिलिनॉकेट गावी झोपायला जायचं आणि पहाटे परत येऊन जिथे थांबलात तिथूनच चढायला लागायचं. यात चालण्यात खंड पडत नाही. मात्र पार्कच्या फाटकापासून कच्च्या रस्त्याने वेळ जातो आणि मिलिनॉकेट जवळपास 24 मैलांवर आहे, त्यामुळे शटलवाल्याशी आदल्या दिवशीच वेळ पक्की करून घ्यावी. पार्कमध्ये मोबाइलला रेंज मिळेल या भरवशावर राहू नये. तिसरा मार्ग म्हणजे अबोल ब्रिजवरून एका दिवसात माथा आणि परत कटाडिन स्ट्रीम: 15.1 अधिक 5.2, म्हणजे वीसेक मैल, त्यातली उंची जवळजवळ सगळी शेवटच्या पाच मैलांत. जमतं, पण दिवस लहान झाल्यावर उतरताना अंधार होतो. ऑक्टोबरमध्ये हा बेत करू नये.

सोबो आणि फ्लिप-फ्लॉपर यांच्यासाठी बर्चेस नाही. त्यांनी कटाडिन स्ट्रीम किंवा अबोल कॅम्पग्राउंडचं नेहमीचं आरक्षण करायचं. मध्येच ट्रेल सोडून गाडीने मेनला आलेल्या अनेकांना हे फाटकावर कळतं. पार्कने ते ठळकपणे सांगायला हवं, तसं ते सांगितलं जात नाही. गुण द्यायचे तर माहिती पोहोचवण्यात सगळ्यांत कमी.

परमिट मात्र बिनत्रासाचं. कटाडिन स्ट्रीमच्या रेंजर स्टेशनवर स्वतः जाऊन घ्यायचं, फुकट आहे, चढताना जवळ ठेवायचं. रेंजर काय विचारतात, तर कुठून आलात, कसे परत जाणार, डोक्याला बांधायचा दिवा आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर सुनावून घ्यायची तयारी ठेवा. आणि ते योग्यच आहे.

या स्टेशनच्या ओसरीवर पार्कची सगळ्यांत चांगली सेवा बघायला मिळते: उसन्या छोट्या सॅक. मोठी सॅक तिथे ठेवायची, लहान घेऊन डोंगर चढायचा, परत आल्यावर जागेवर ठेवायची. सॅक साध्या, वापरून जुन्या झालेल्या असतात. काहींना कमरेचा पट्टा नसतो, चेनही अडकते. घेण्याआधी चेन उघड-बंद करून बघावी आणि तळाला भोक नाही ना ते पाहावं. आत एवढं तरी हवं: दोन लिटर पाणी, वारा-पाऊस अडवणारं जाकीट, अंगावरच्या कपड्यांशिवाय एक गरम थर, टोपी, हातमोजे, दिवा, दिवसभराचं खाणं, परमिट. खाली ऊन असताना माथ्यावर ढग आणि जोराचा वारा असणं रोजचंच. शॉर्टवर टी-शर्ट घालून निघालेले टेबललँड या माथ्याखालच्या पठारावर कुडकुडत उभे असतात.

हवामानाचा अंदाज आणि वाटांची स्थिती रेंजर सकाळी 7 च्या सुमारास लावतात. पाऊस, वीज किंवा बर्फ असेल तर झाडांच्या रेषेवरच्या वाटा बंद होऊ शकतात. बंद म्हणजे बंद, पाच महिने चालून आला असाल तरी. हातात एक दिवस राखून ठेवणं हाच उपाय. ज्यांचं परतीचं विमान ठरलेलं असतं त्यांना नेमका हाच दिवस परवडत नाही. कॅम्पिंगचा हंगाम ऑक्टोबरच्या मध्याला आटोपतो, त्यामुळे उशिरा पोहोचणाऱ्यांना हवेची वाट बघत बसायलाही जागा उरत नाही. ऑगस्टअखेर वर्जिनियात किंवा पेनसिल्व्हेनियात असाल तर फ्लिप करणं शहाणपणाचं. आधी कटाडिन करून घ्या, मग दक्षिणेकडे चाला. कॉन्झर्व्हन्सीच्या हिशेबात दोन्ही सारखंच.

हंट ट्रेल हाच अ‍ॅपलाचियन ट्रेलचा शेवटचा तुकडा. एका बाजूने 5.2 मैल, चढ चार हजार फुटांहून थोडा जास्त, माथा 5,267 फुटांवर. पहिला मैलभर सोपा आहे. कटाडिन स्ट्रीमचा धबधबा साधारण 1.2 मैलांवर लागतो. पाणी इथेच भरून, गाळून घ्यावं. वर थोरो स्प्रिंग आहे, पण कोरड्या दिवसांत त्यावर विसंबू नये. धबधब्यानंतर वाट खड्या जंगलातून चढते आणि झाडं संपली की धोंडे सुरू होतात. घराएवढ्या दगडांमधून हातांनी चढायचं, काही ठिकाणी दगडात ठोकलेल्या लोखंडी सळ्या धरून अंग वर ओढायचं. काठ्या त्याआधीच मिटवून सॅकला बांधाव्यात. हातात लटकवून चढणाऱ्यांच्या काठ्या फटीत अडकतात आणि तोल जातो. सळ्या ओल्या असल्या की बोटं घसरतात, गारठ्यात पकड जाते. हातमोजे नुसत्या थंडीसाठी सांगितलेले नाहीत.

गेटवे नावाच्या टोकाशी चढ एकदम संपतो आणि समोर टेबललँडचं पठार येतं. पुढे थोरो स्प्रिंगवरून शेवटचा मैल हलक्या चढाचा आहे. इथे दुखापत होते ती ढगात वाट चुकल्यामुळे किंवा घाईने गोट्यांवर पाय मुरगळल्यामुळे. ट्रेलच्या खुणेचे पांढरे पट्टे दगडांवर आहेत, दोन्ही बाजूंना दोऱ्याही बांधलेल्या दिसतील. त्या ओलांडू नयेत. या पठारावरची अल्पाइन झुडपं एका बुटाखाली गेली की भरून यायला वर्षे लागतात.

जाऊन-येऊन आठ ते दहा तास धरावेत. थ्रू-हायकर चढ लवकर संपवतो, उतरताना मात्र त्याची ताकद उपयोगी पडत नाही. इथे गुडघे आणि ढुंगण कामाला येतात. बसून, घसरत उतरण्यात कमीपणा नाही.

उतरण्याच्या वाटेबद्दल सांगायलाच हवं असं काही आहे. माथ्यावर पोहोचल्यावर अनेकांना नाइफ एजचा मोह होतो. पमोला शिखरापर्यंत जाणारी मैलभराची अरुंद धार आहे, देखणी आहे, चांगल्या हवेत करण्यासारखी आहे. पण तिकडून उतरलात तर पोहोचता रोअरिंग ब्रुकला, डोंगराच्या अगदी विरुद्ध बाजूला. आणि मोठी सॅक कटाडिन स्ट्रीमच्या ओसरीवर. मधलं अंतर पार्कच्या रस्त्याने बरंच आहे आणि आयत्या वेळी गाडी मिळेल याची खात्री नाही. अबोल ट्रेलने उतरणं थोडं कमी चुकीचं. ती वाट अबोल कॅम्पग्राउंडला येते आणि तिथून कटाडिन स्ट्रीमपर्यंत रस्त्याने सुमारे दोन मैल चालायचे. पण या वाटेचा उतार तीव्र आहे. सॅक ज्या बाजूला, उतरणं त्याच बाजूला, हे बरं.

घरचे माथ्यावर भेटायला येणार असतील तर व्यवस्था जास्त त्रासदायक वाटते. कटाडिन स्ट्रीम, अबोल आणि रोअरिंग ब्रुक या पायथ्यांवर गाडी लावायला दिवसाचं आरक्षण लागतं, बाहेरच्या राज्यातल्यांना ते दोन आठवडे आधीपासूनच करता येतं, आणि सकाळी 7 पर्यंत फाटकावर पोहोचलं नाही तर जागा दुसऱ्याला जाते. मेनच्या नंबरप्लेटला प्रवेश फुकट, बाकीच्यांना शुल्क. 9 फुटांहून उंच, 7 फुटांहून रुंद किंवा 22 फुटांहून लांब गाडी आत सोडत नाहीत, म्हणजे भाड्याची मोठी कॅम्परव्हॅन बहुधा बाहेरच. मोटरसायकलही नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना झाडांच्या रेषेवर नेता येत नाही. आणि ज्यांनी वर्षभरात डोंगर पाहिलेला नाही त्यांना हंट ट्रेल हा पहिला डोंगर म्हणून देऊ नये. आई-वडिलांना धबधब्यापर्यंत बोलवा, तिथे भेटा, फोटो काढा. ते जास्त आनंदात घरी जातील.

कुत्र्याचा प्रश्न याहून कडक. पाळीव प्राणी पार्कमध्ये चालत नाहीत. बरोबर कुत्रा असेल तर अबोल ब्रिजला पोहोचण्याआधीच त्याला मिलिनॉकेटच्या परिसरात कुणाकडे तरी ठेवायची सोय करावी लागते, आणि ती मॉन्सनहून फोन करूनच. सर्व्हिस डॉग म्हणून खोटं सांगणाऱ्यांमुळेच 2014 च्या त्या पत्रात कुत्र्यांचा विषय आला होता. खऱ्या गरजवंतांना त्याचा जाच झाला तो वेगळाच.

माथ्यावर एक लाकडी पाटी आहे. एकत्र बाराहून जास्त माणसं नकोत, दारू नको, कचरा नको. इतरही लोक तिथे आलेले असतात. त्यांना हा एका दिवसाचा डोंगर असतो आणि त्यांच्या फोटोची रांग तुमच्या अर्ध्या तासाच्या जल्लोषामुळे अडते.

तुलनाच करायची तर केनेबेक नदीवरची होडी घ्यावी. कॅराटंकला, शेवटापासून दीडशेएक मैल अलीकडे, हायकरना कॅनोने फुकट पार नेतात. होडीच्या तळाशी पांढरा पट्टा रंगवलेला आहे, म्हणजे तीच ट्रेल. 1985 मध्ये एक हायकर बुडाल्यावर ही सेवा आली. होडीच्या वेळा ठरलेल्या, नावाडी बोलका, सगळं हायकरभोवती रचलेलं. बॅक्स्टरमध्ये असं काही शोधू नका. तिथे वेळा पाळल्या जातात, मदत मागितली तर मिळते, आपणहून कुणी विचारत नाही. माझ्या मते हे बरोबर आहे, कारण एवढ्या माणसांनी पाय ठेवूनही टेबललँड अजून टेबललँड आहे. फक्त बर्चेसचा नियम आणि सोबोंसाठीची माहिती मॉन्सनमध्येच मोठ्या अक्षरांत लावली तर निम्मे गोंधळ होणार नाहीत.

उतरल्यावरची कामं. उसनी सॅक जागेवर ठेवा. 2,000-मायलरचा, म्हणजे पूर्ण ट्रेल चालल्याच्या नोंदीचा, अर्ज कॉन्झर्व्हन्सीकडे नंतर घरून करता येतो. पुरावा मागत नाहीत, तुमच्या शब्दावर चालतं. क्रम, दिशा, वेग, लागलेले दिवस, पाठीवर सॅक होती की नव्हती, काही विचारत नाहीत. पूर, वणवा किंवा वादळामुळे निळ्या पट्ट्याच्या पर्यायी वाटेने गेला असाल तर तेही धरतात. मिलिनॉकेटहून बँगोरला जायचं तर बस गावातून नाही, दहाएक मैलांवरच्या मेडवेहून सुटते, दिवसातून एकच, सकाळची. ती चुकली तर पूर्ण दिवस गेला. म्हणून मेडवेपर्यंतची गाडी डोंगर चढायच्या आदल्या दिवशीच शटलवाल्याकडे सांगून ठेवा.